शंभराच्या आत: ‘स्वच्छ’च्या सेवेबद्दल एका सोसायटी सेक्रेटरीचं मत

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन विषय न छापताही अजेंड्यावर असतात. पहिला पार्किंगचा, त्यावर ब्रह्मदेव आला तरी तोडगा निघायचा नाही. दुसरा कचऱ्याचा. ‘महापालिका एवढा मिळकतकर घेते, मग कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला?’ विचारणारा दरवर्षी बदलतो, आवाजातला ठसका तोच राहतो. मी कोथरूडमधल्या एका जुन्या, लिफ्ट मागाहून बसवलेल्या इमारतीची सेक्रेटरी आहे. टेलिफोन खात्यात हिशोबाच्या टेबलावर उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच सभेत ‘तुम्हाला हिशोब येतो’ म्हणून वही माझ्या हातात आली आणि ती आजतागायत कुणी परत मागितलेली नाही. त्यामुळे त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं कामही माझ्याकडेच. सभेत चहा येईपर्यंत जेवढं बोलता येतं तेवढं बोलते. इथे जरा सविस्तर लिहिते. लोक मिसळीबद्दल लिहितात, मिक्सरबद्दल लिहितात, कुरिअरवाल्याला तारे देतात. रोज सकाळी दारात येणारी ही सेवा मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते.

सेवा ‘स्वच्छ’ची. पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. कचरा वेचणाऱ्यांनी स्वतःच्या मालकीची म्हणून काढलेली ही सहकारी संस्था. २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा गोळा करते. तीन हजारांहून जास्त सभासद, त्यात बहुतेक बायका. जी काम करते तीच सभासद आणि तीच मालक; मध्ये ठेकेदार नाही. साधनं आणि देखरेख यांचा भार महापालिकेनं उचलायचा, आणि ज्याच्या घरचा कचरा त्यानं दरमहा ठरलेलं शुल्क द्यायचं, अशी ही व्यवस्था. ते शुल्क गोळा करणारीचं असतं. आमच्याकडे घरटी ते शंभराच्या आत आहे. आमच्या ‘ए’ विंगमध्ये एकेका घरात टीव्हीच्या पडद्यावर चार-चार ठिकाणी महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात, त्यातलं एखादं कुणी उघडतही नाही, पण या शंभराच्या आतल्या रकमेवर मात्र अर्धा तास चर्चा होते.

आमच्याकडे दोघी येतात. थोरली साठीच्या घरातली, धाकटी तिची सून. आम्ही दोघींना मावशीच म्हणतो, सुनेला ते फारसं आवडत नाही. सकाळी दूधवाला आणि शाळेची बस यांच्या मधल्या वेळात ढकलगाडीचं चाक गेटच्या पन्हाळीवर आदळल्याचा आवाज येतो, की समजायचं आल्या. गाडीवर दोन मोठे डबे, मागे अडकवलेलं पोतं, आणि दांड्याला एक वेगळी पिशवी. एक जण वरच्या मजल्यापासून खाली येते, दुसरी पार्किंगच्या मागच्या कट्ट्यापाशी थांबते.

त्या मागच्या कट्ट्यापाशी काय चालतं ते आमच्या इमारतीतल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी पाहिलं, कारण पाण्याच्या मीटरची नोंद घ्यायला मला तिथेच जावं लागतं. सुक्याचा डबा थोरल्या मावशी जमिनीवर अंथरलेल्या जुन्या फ्लेक्सवर उलटा करतात आणि मग जे हात चालतात ते बघत राहावं. वर्तमानपत्र एका बाजूला, वहीचा पांढरा कागद दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. प्रत्येकाचा भाव वेगळा. पुठ्ठ्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी एका ओढीत निघते. पाण्याची बाटली, शाम्पूची बाटली, डब्याचं झाकण, तिन्ही आपल्या दृष्टीनं प्लास्टिकच, पण त्यांचे ढीग तीन. बाटली हातात घेतली की बोटांनीच त्यांना कळतं, दाबून बघायचीही गरज पडत नाही. दुधाची पिशवी आली की त्या आधी तिचा कोपरा बघतात. कोपरा पूर्ण कापून टाकलेला असला तर तो इवलासा तुकडा कचऱ्यात कुठेतरी हरवलेला असतो, पुढे तो नाल्यातच जाणार. अर्धवट चीर देऊन तसाच लोंबता ठेवला, तर पिशवी अख्खी विकली जाते. तेव्हापासून मी कात्री अर्ध्यावर थांबवते.

पिझ्झाचं खोकं आलं की मावशी ते उघडून बघतात आणि उसासा सोडतात. तेल प्यायलेला पुठ्ठा कुणी घेत नाही. चहाच्या चोथ्यात भिजलेलं वर्तमानपत्र, भाजीच्या रश्शात बुडालेली चांगली जाड बाटली, औषधाच्या पट्टीत गुंडाळलेली सुई. हे सगळं ‘सुका कचरा’ म्हणून ज्या बादलीतून येतं त्या बादलीचा मजलाही त्यांना ठाऊक असतो. कधी नाव घेत नाहीत. एकदा मी विचारलं, ‘हे कुणाकडचं?’ तर म्हणाल्या, ‘जाऊ द्या बाई, तुमचं भांडण व्हायचं.’

मुद्दा असा, की या बायकांची कमाई दोन ठिकाणांहून येते. एक आपण देतो ते शुल्क आणि दुसरं हे निवडलेलं भंगार विकून मिळणारे पैसे. विकण्याजोगं जे काही निघेल त्यावर हक्क त्यांचा. म्हणजे मी ओलं-सुकं एकत्र करून दिलं, तर तिचे दोन तास जास्त जातात आणि हातात येणारी रक्कम कमी होते. ओला कचरा त्या ढकलगाडीवरून फीडर पॉइंटला, म्हणजे महापालिकेची गाडी जिथे येऊन थांबते त्या ठरलेल्या जागी, नेतात आणि त्या गाडीत टाकतात. त्यातून त्यांना काही मिळत नाही. म्हणून आपण किती नीट देतो यावर ही सेवा उभी आहे. हॉटेलात गिऱ्हाईकानं ताट कसं धरलं यावर आचाऱ्याचा पगार ठरत नाही. इथे ठरतो.

भावांचं तर विचारू नका. रद्दी आणि प्लास्टिकचे दर कुठे ठरतात ते आपल्याला कळत नाही, पण उतरले की पहिला फटका यांना बसतो. २००८च्या जगभरच्या मंदीत भंगाराचे भाव कोसळले होते. थोरल्या मावशींना मंदी वगैरे ठाऊक नव्हतं, पण ‘त्या वर्षी पोतं तेवढंच आणि पैसे निम्मे’ हे त्यांना अजून आठवतं. आणि २०२०चं लॉकडाऊन. आपण सगळे दारं लावून बसलो होतो, ताटं-थाळ्या वाजवत होतो. या दोघी रोज येत होत्या. भंगाराची दुकानं मात्र बंद. निवडलेला माल कट्ट्यामागे पोत्यांत पडून राहिला आणि हातात काय, तर फक्त घरटी शुल्क. त्याच महिन्यांत आमच्या दोन सभासदांनी ‘सध्या सगळ्यांचीच अडचण आहे’ म्हणून शुल्क थांबवलं होतं. दोघांचाही पगार चालू होता, हे मला माहीत आहे, कारण मेंटेनन्सचे चेक माझ्याकडेच येतात.

आता जरा मागे जाते, कारण ‘स्वच्छ’ म्हणजे महापालिकेनं काढलेली एखादी योजना असावी असा अनेकांचा समज असतो. १९९० च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. मुलांना शिकवायचं म्हणून सुरू झालेलं काम, पण आई पहाटे चारला उकिरड्यावर जाणार आणि मूल पाठीशी असणार, तिथे पाटी-पेन्सिल काय करणार? त्यांच्या ध्यानात आलं की हाच कागद उकिरड्यावरून उचलण्याऐवजी घरातून, ऑफिसातून वेगळा करून मिळाला तर बाईचे तास वाचतात, माल स्वच्छ मिळतो आणि दोन पैसे जास्त सुटतात. मग विद्यापीठाच्या आवारात आणि आसपासच्या सोसायट्यांत तशी सोय करून दिली. तेवढ्यात त्याच भागात एका खासगी उद्योजकानं गाडी लावून घरोघर कचरा गोळा करायचा बेत केला. हा माल आपल्या हातचा जाणार हे दिसताच बायका एकत्र आल्या.

त्यातून १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकारानं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. हमालांची पंचायत त्यांनी आधीच बांधलेली होती. पुण्यात हे नवं नव्हतं. नवं एवढंच, की उकिरड्यावर काम करणाऱ्यांना आजवर कुणी कामगार म्हणून मोजलेलं नव्हतं. यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. ७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर भागातून पोटासाठी पुण्यात आलेली कितीतरी घरं त्यांत. थोरल्या मावशींचं माहेर तिकडचंच, ‘दुष्काळात आईच्या कडेवर आले’ असं त्या सांगतात.

त्यांच्याकडे पंचायतीचं ओळखपत्र आहे. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून कमरेच्या बटव्यात ठेवतात. ‘स्वच्छ’चं नवं कार्ड गळ्यात असतं, हे जुनं कशाला जपता म्हणून मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: पूर्वी पोत्यात तांब्याची तार किंवा नळाचा तुकडा सापडला की पोलीस चोरीचा माल म्हणून चौकीत बसवायचे. दिवसभराची कमाई तिथे ठेवून यायचं, वर शिव्या. १९९५-९६ मध्ये महापालिकेनं पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, देशात असं करणाऱ्या पहिल्या महापालिकांमध्ये पुण्याचं नाव घेतलं जातं. ‘हे दाखवलं की शिपाई ‘चल जा’ म्हणायचा. आधी ‘चल आत’ म्हणायचा,’ एवढं बोलून त्यांनी कार्ड परत गुंडाळलं. पुढे पंचायतीची पतपेढी निघाली. सावकाराच्या व्याजातून सुटका झाली ती तिच्यामुळे, असं सून सांगते. तिच्या धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी पतपेढीच्या कर्जातूनच भरली आहे. ‘स्वच्छ’ हे या सगळ्याचं पुढचं पाऊल: उकिरड्यावरून थेट आपल्या दारापर्यंत.

दारापर्यंत आल्या, तरी दाराच्या आत काय होतं तेही सांगायला हवं. आमच्या इमारतीत एकदा लिफ्टवरून वाद झाला. ‘कचऱ्याचा डबा घेऊन लिफ्ट वापरायची नाही, वास येतो’ असं एका सभासदाचं म्हणणं. चौथ्या मजल्यावरून भरलेला डबा साठीच्या बाईनं जिन्यानं उतरवायचा. मी म्हटलं, ठीक आहे, मग ज्याचा कचरा त्यानं खाली आणून द्यायचा, जिन्यानं. आठवडाभर तसं करून बघू. ठराव मतदानालाही आला नाही. आता लिफ्टमध्ये वास कसला येतो म्हणाल, तर तिसऱ्या मजल्यावरच्या अत्तराचा.

लाल ठिपक्याबद्दल लिहायलाच हवं. सॅनिटरी पॅड आणि मुलांचे डायपर लोक काळ्या पिशवीत, नाहीतर सरळ उघडेच सुक्यात टाकतात. निवडणारीचा हात थेट त्यावर पडतो. काही वर्षांपूर्वी ‘स्वच्छ’च्या बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम केली होती, तुमचा माल आहे, गुंडाळायला पाकीट तुम्ही द्या म्हणून. २०१६च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी असं पाकीट द्यावं ही तरतूद आली. त्यानंतर लाल ठिपका: पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचा, वर लाल पेननं मोठा ठिपका काढायचा आणि वेगळा द्यायचा. ठिपका दिसला की त्या पुडीला कुणी हात घालून उघडत नाही.

मी याची सूचना फलकावर लावली, तर एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन, ‘हे जरा बायकांच्या ग्रुपवर टाकता आलं नसतं का?’ असं विचारलं. म्हटलं, काका, तुमच्या नातवाचे डायपर सुनबाई एकट्या टाकतात का? त्यानंतर त्यांच्याच दारात लाल स्केचपेन दोऱ्यानं बांधून ठेवलेलं दिसलं. नातवाच्या शाळेच्या दप्तरातलं होतं म्हणे. ही अख्ख्या सेवेतली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, पैसा लागत नाही, आणि तरीही सगळ्यात कमी घरं ती करतात. आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरं करतात, याचं श्रेय मी घेते.

तुलना हवी असेल तर शेजारच्या सोसायटीची सांगते. त्यांनी मधल्या काळात एका खासगी माणसाचा टेम्पो लावला होता. ‘प्रोफेशनल’ हवं म्हणून. गणवेश होता, टेम्पोवर छान हिरवं पान रंगवलेलं होतं. ओला-सुका दोन्ही एकाच हौद्यात. वर विचारलं की ‘पुढे मशीनवर वेगळं होतं मॅडम.’ कुठलं मशीन, कुठे, कुणी पाहिलं नाही. पोरं दर महिन्याला बदलायची, सणाच्या आधी टेम्पो गायब, फोन उचलायचा नाही. दिवाळीच्या पहाटे त्यांच्या गेटबाहेर फराळाच्या खोक्यांचा डोंगर आणि त्यावर कुत्री. शेवटी तिथल्या चेअरमननी आमच्याच मावशींना विचारलं, ‘तुमच्या ओळखीत कुणी आहे का?’ आमच्याकडे जत्रेच्या दिवसांत सासू गावी गेली की सून एकटी काम ओढते आणि वेळ थोडी मागेपुढे होते. पण कोण येणार, कुणाला विचारायचं, हे माहीत असतं. माणूस ओळखीचा असणं हा या सेवेचा भाग आहे. ते कुठल्या ॲपवर मिळत नाही.

आणि हा कचरा आपल्या गेटबाहेर गेला की संपला, असं नसतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या गावकऱ्यांच्या विहिरी खराब झाल्या, त्यांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली, तेव्हा कुठे शहराला आपण काय पाठवतो याचा विचार करावा लागला. आमच्या कट्ट्यामागे जे ढीग वेगवेगळे होतात, तेवढा माल तिकडे जात नाही. महापालिकेचे वाहतुकीचे पैसे वाचतात. त्या वाचलेल्या पैशांचं काय होतं हा प्रश्न मी सभेत विचारू शकत नाही, पण इथे विचारते.

कारण या व्यवस्थेतली खरी गोम तिथेच आहे. करार २००८ साली झाला, मग संपला, मग पुन्हा झाला. २०२०च्या अखेरीस तो पुन्हा संपला आणि मग छोट्या-छोट्या मुदतवाढींवर काम चालू राहिलं. बायका महापालिकेसमोर बसल्या. खासगी ठेकेदारांना काम द्यायची चर्चा कानावर यायची आणि त्या दिवसांत आमच्या दोघी काम करताना गप्प असायच्या. सून एकदा म्हणाली, ‘काकू, आम्ही परत उकिरड्यावर जायचं का?’ सोसायटीच्या लेटरहेडवर आम्ही पाठिंब्याचं पत्र दिलं; त्या लेटरहेडचा एवढा चांगला उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. गरिबी हटवायच्या घोषणा मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते आहे. इथे तीन दशकं हजारो बायकांनी स्वतःच्या हातांनी ते काम चालवलं, शहराचा फायदा करून दिला, आणि तरी दर काही वर्षांनी त्यांना ‘आम्ही अजून हवे आहोत का?’ हे नव्यानं पटवून द्यावं लागतं. दर वेळी त्या पटवून देतातही. मला त्याचा आदर वाटतो आणि रागही येतो.

बरं, या कमाईत त्यांची गरिबी गेली का? आमच्या दोघींच्या घरी पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मुली शिकल्या, सावकार सुटला. पण आजारपणात खाडा झाला तर त्या दिवसाचं भंगार गेलं ते गेलंच. निवृत्तीचं वय आलं की पेन्शन नाही. मला दरमहा मिळते, मी टेबलामागे बसून आकडे मांडले म्हणून. थोरल्या मावशींच्या गुडघ्यांनी आता जिना नको म्हटलंय. शुल्क वेळेवर आणि पूर्ण मिळालं तर त्यांना भंगाराच्या भावावर कमी अवलंबून राहावं लागतं, एवढं मात्र मी माझ्या वहीवरून सांगू शकते.

म्हणून वसुलीबद्दल. सुरुवातीला सून दर महिन्याला दारोदार जायची. ‘उद्या ये’, ‘साहेब बाहेर गेलेत’, ‘सुट्टे नाहीत’, ‘गेल्या महिन्यात आम्ही पंधरा दिवस गावाला होतो, निम्मे घे’. हे शेवटचं वाक्य बोलणाऱ्या घरानं केबलवाल्याला कधी निम्मे दिलेले नाहीत. चाळीस जिने चढून दहा घरांचे पैसे. आम्ही आता ते मेंटेनन्सच्या बिलातच धरतो आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकरकमी देतो, पावती घेऊन. ज्या सोसायट्या अजून दारोदार फिरवतात त्यांच्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे की बिलात एक ओळ वाढवा, एवढंच करायचंय.

काही व्यावहारिक गोष्टी, नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी. घर दुरुस्तीचा राडारोडा त्या नेत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. बाथरूमच्या फरशा गोणीत भरून बादलीशेजारी ठेवून देऊ नका. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून हातात द्या. जुना संगणक, पंखा, गादी, कपडे असतील तर संस्थेचे ‘व्ही-कलेक्ट’ नावाचे संकलनाचे उपक्रम होतात, तिथे नेऊन द्या. आमच्या इमारतीनं गेल्या खेपेला अख्खं कपाट दिलं. दिवाळीला पोस्त जरूर द्या, पण ते शुल्काऐवजी नव्हे. आणि फराळ द्यायचा तर तुमच्या ताटातला, भाऊबीज उलटल्यावर उरलेला नको.

तारे द्यायची पद्धत आहे म्हणून: आमच्या दोघींना पाचपैकी पाच. महापालिकेला मी तारे देत नाही, कर देते. सोसायटीला साडेतीन, त्यातला अर्धा लिफ्टबद्दल. ‘बी’ विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अजून दुसरी बादली घेतलेली नाही, म्हणून चार देता येत नाहीत. त्यांच्या नावानं सूचना लावली आहे, फलकावर, लाल ठिपक्याच्या शेजारीच. नाव नाही घातलं, फ्लॅट नंबर घातला.